पाण्याखालचा चौकोन

शेडमध्ये पाणी गुडघ्यापर्यंत होतं. लिमये सर दारातल्या ओट्यावर उभे राहून पँट वर दुमडत होते, आणि मला त्यांना सांगायचं होतं की एवढ्यात पाण्यात उतरू नका. हे वाक्य मी रिक्षात तीनदा मनात म्हणून पाहिलं होतं.

"सर, आधी फोटो होऊ देत. पाय पडला की गाळ उठेल. मग खालचं काही दिसणार नाही."

"आत्ता तरी काय दिसतंय?" सर म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. दिसत होतं ते छप्पर. नाल्याचं पाणी शेडमध्ये शिरून दीड दिवस झाला होता आणि तेव्हापासून ते हललं नव्हतं. गाळ खाली बसला होता. छपरातले चार पारदर्शक पत्रे, त्यांतून येणारा पांढरा उजेड, लोखंडी कैच्या, छप्पर पेलणाऱ्या, सगळं पाण्यात उलटं पडलं होतं. त्याखाली लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, मोटरी बुडालेल्या होत्या, पण नजर वरच्या आरशावरच अडत होती.

लिमये सर विमा सर्वेयर. आग लागली, पाणी शिरलं, की नुकसान किती झालं ते पाहून विमा कंपनीला रिपोर्ट द्यायचा, हे त्यांचं काम. मी त्यांच्या ऑफिसात फोटोग्राफर. मी भिवंडीतच वाढले, पण ही नोकरी लागेपर्यंत लूमच्या शेडमध्ये पाय ठेवला नव्हता. आमचं घर शिक्षकांच्या सोसायटीत, शाळा इंग्लिश मीडियमची. लूमचा खटखटाट मी खिडकीतूनच ऐकलेला. आईला वाटायचं की मी ऑफिसात बसून अल्बममध्ये फोटो चिकटवते. मी तिचा समज दूर केला नव्हता.

त्या दिवशी मी दोन कारणांनी घाबरले होते. एक म्हणजे पाणी. पाण्याखाली मोटरी होत्या, वायरी होत्या, आणि करंट डोळ्यांना दिसत नाही. दुसरं कारण नोकरीचं. आधीच्या महिन्यात एका बुडालेल्या गोडाऊनचे मी छत्तीस फोटो काढले होते. कंपनीने ते परत पाठवले. सोबत एक ओळ होती : फोटोत पाणी दिसते, नुकसान दिसत नाही. सरांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. नंतर मला ऐकू जाईल अशा आवाजात क्लार्कला म्हणाले, "पुढच्या वेळी कल्याणच्या स्टुडिओवाल्यालाच सांगू या."

म्हणून मी पोलरायझिंग फिल्टर घेतला होता.

हा फिल्टर म्हणजे लेन्सवर बसवायची करड्या रंगाची काच. तिला दोन रिंगा असतात. मागची रिंग लेन्सच्या आट्यांत घट्ट बसते, पुढची बोटांनी फिरते. पाण्यावरून किंवा काचेवरून उजेड तिरका उडतो तेव्हा त्याच्या लहरी बऱ्याचशा एकाच दिशेने हलत असतात. फिल्टर नीट फिरवला की नेमका तेवढा उजेड अडतो. चमक जाते आणि खालची वस्तू दिसते. माझ्या कॅमेऱ्यात लेन्समधूनच पाहायचं असल्यामुळे चमक कधी गेली ते फिरवताना डोळ्याला कळतं.

मुंबईच्या दुकानात दोन प्रकार होते, लिनियर आणि सर्क्युलर. दुकानदाराने माझा कॅमेरा हातात घेतला. "ऑटोफोकसवाला असता तर सर्क्युलरच दिला असता," तो म्हणाला. "काही कॅमेऱ्यांत आतला आरसा उजेड वाटून घेतो. तिथे लिनियर लावला की उजेड मोजणारं मीटर चुकतं, फोकसही चुकतो. तुमचा हाताने फोकस करायचा आहे." त्याने लिनियर लावून, फिरवून मीटरचा काटा पाहिला. काटा ठीक होता. मी लिनियर घेतला.

त्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. लेन्सवर कायम असतो तो साधा यूव्ही फिल्टर काढून मग हा लावायचा. एकावर एक चढवले तर वाइड लेन्सला कोपरे काळे येतात. आणि उघड्या धातूची चमक याने जात नाही. "घरी स्टीलच्या डब्यावर ट्राय करून मला शिव्या घालू नका," तो म्हणाला. मी घरी जाऊन डब्यावर ट्राय केलंच. चमक गेली नाही.

लिमये सरांनी फिल्टर पाहिला तेव्हा ते म्हणाले, "कॅमेऱ्याला गॉगल. छान."

आता हा गॉगल पहिल्यांदा कामाला लागणार होता.

"करंट न्हाय बाय, आख्ख्या गल्लीची लाईट बंद हाय," केणी शेठ म्हणाले. शेड त्यांची. वय पन्नाशीचं, आवाज मोठा. पाणी शिरलं तेव्हा ते पडघ्याच्या गोडाऊनमधलं सूत वाचवायला गेले होते, आणि त्यानंतर आज पहिल्यांदाच, आमच्याबरोबर, शेडमध्ये येत होते. "घाबरू नको."

मी मान हलवली. माझं घाबरणं काही थांबलं नाही.

मी ओट्याच्या कडेला ट्रायपॉड उभा केला. समोर लूमच्या दोन ओळी होत्या. पुढच्या ओळीलगतची वाट ओट्यापासून थेट मागच्या भिंतीपर्यंत जात होती. तिकडून वळून मागच्या ओळीतून परत येता यायचं. पुढच्या ओळीतल्या चौथ्या लूमची मोटर मला हवी होती. ती पूर्ण बुडालेली होती आणि तिच्या पट्ट्यावर सूत गुंडाळलं गेलं होतं. पण मधे एक बांबू येत होता. तिसऱ्या लूमच्या चौकटीला सुतळीने उभा बांधलेला, वरच्या टोकाला लाल चिंधी.

सरांचा नियम होता, फ्रेममध्ये अडगळ नको. कंपनीतला साहेब फोटोकडे दोन सेकंद बघतो, त्या दोन सेकंदांत त्याला नुकसानच दिसलं पाहिजे.

मी सहसा कोणाला काही काढायला सांगत नाही. स्वतःच कोन बदलते, वाकते, बाजूला होते. त्या दिवशी कोन बदलायला जागा नव्हती.

"शेठ, तो बांबू काढता येईल का?"

"कुठला? ह्यो व्हय? ही मानसं कायपन बांधून ठेवतात."

शेठ लूमवरच वाढलेले. पाण्यात न उतरता लूमच्या चौकटींवर पाय देत ते तिसऱ्या लूमपर्यंत गेले, सुतळी सोडली आणि बांबू आणून दाराशी टेकवला. "अजून काय काढू? छप्पर काढू का?"

सर हसले. मी थँक यू म्हटलं. मला बरं वाटलं होतं. मी काही सांगावं आणि कोणी ते लगेच करावं, असं फारसं घडत नसे.

पाणी आलं त्या वेळी ड्युटीवर कोण होतं ते सरांना विचारायचं होतं. मुकादम इद्रिसभाई होते, असं शेठ म्हणाले आणि त्यांना बोलवायला बाहेर गेले. शेजारच्या इमारतीत कोणीतरी डिझेलचा पंप सुरू केला. पत्रे थरथरायला लागले.

सर दोन मिनिटं थांबले. मग माझ्या कानाशी ओरडले, "मागच्या ओळीत तर तुझे फोटो नाहीत ना? तिथले लूमचे नंबर घेतो तोपर्यंत." प्रत्येक लूमला नंबर असतो, रिपोर्टमध्ये तो लिहावा लागतो. ते ओट्याच्या दुसऱ्या टोकाने पाण्यात उतरले. एका हातात पॅड, दुसऱ्या हातात पेन, कोपरावर लांब दांड्याची छत्री अडकवलेली. त्यांच्या मागे पाणी चहासारखं होत गेलं. माझ्यापुढचं अजून स्वच्छ होतं.

मी पहिला फोटो फिल्टरशिवाय घेतला. तुलनेसाठी तो लागतो. मग यूव्ही काढला, पोलरायझर चढवला. याने उजेड बराच कमी होतो, साधारण पाव हिस्साच आत येतो. शेडमध्ये आधीच अंधूक. शटर खूप सावकाश ठेवावं लागणार होतं, म्हणून मी शटर दाबायची केबल जोडली आणि डोळा लावून रिंग फिरवायला सुरुवात केली.

आधी पत्र्यांची पांढरी प्रतिबिंबं फिकी झाली. मग कैच्या गेल्या. मग एकदम तळ आला. कोणी पाण्यावरची चादर ओढून घ्यावी तसा. मोटर, पट्टा, सुताचा गुंता, सूत गुंडाळलेल्या पांढऱ्या कांड्या, चिखलात रुतलेली कोणाची तरी चप्पल. फोटो उत्तम येणार होता. मी केबल दाबली.

दुसऱ्या फोटोसाठी कॅमेरा थोडा खाली वळवला तेव्हा तिसऱ्या लूमच्या पायाशी, वाटेच्या बरोबर मध्ये, काळा चौकोन दिसला.

पहिल्यांदा वाटलं सावली आहे. पण तिथे सावली पाडणारं काही नव्हतं. मग वाटलं लोखंडी पत्रा असेल, फरशीत बसवलेला. मी रिंग फिरवली, पुढे, मागे. चौकोन काळाच राहिला. त्याच्या शेजारी हातभर अंतरावर दुसरा एक चौकोन होता. तो पायांनी घासून गुळगुळीत झालेला असावा. रिंग कुठेही नेली तरी त्याची चमक जात नव्हती.

ते लोखंड होतं. ते झाकण होतं. मग काळा चौकोन म्हणजे ते ज्या खड्ड्यावर बसायचं त्याचं उघडं तोंड.

बांबू बरोबर तिथे बांधला होता. लाल चिंधीसकट.

मी कॅमेऱ्यातून डोळा काढला. नुसत्या डोळ्यांना पाणी पुन्हा आरसा झालं होतं. पांढरे पत्रे, कैच्या. खड्डा कुठेच नव्हता. आणि वाटेच्या दुसऱ्या टोकाला, मागच्या भिंतीकडून वळून, लिमये सर पुढच्या ओळीत आले होते.

ते माझ्याच दिशेने येत होते. मान खाली, लूमचा नंबर वाचायचा, पॅडवर लिहायचा, एक पाऊल. बारावा लूम. अकरावा.

मी "सर" म्हटलं. पंपाच्या आवाजात ते मलाही ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं. माझा आवाज मोठा होत नाही. शाळेतही व्हायचा नाही. नववा. आठवा.

मी दोन्ही हात वर करून हलवले. थांबा, म्हणून. सरांनी वर पाहिलं. त्यांना वाटलं, ते माझ्या फ्रेममध्ये येत आहेत आणि मी त्यांना बाजूला व्हायला सांगते आहे. त्यांनी हात केला, आलो आलो, आणि नंबर घ्यायचे सोडून भरभर चालायला लागले.

पाण्यात उतरावं का? मी एक पाय खाली टाकला. गाळाचा ढग उठला. आता कॅमेऱ्यातूनही काही दिसणार नव्हतं. खड्डा माझ्या आणि त्यांच्या मधे होता, आणि त्याची नेमकी कड कुठे हे मलाही सांगता आलं नसतं. पाय पाण्यातच होता. करंट नाही, असं शेठ म्हणाले होते. शेठ तर बांबूबद्दलही काही म्हणाले होते.

ओट्यावर कांड्यांचा क्रेट होता. कांडी म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसते ती सूत गुंडाळलेली लाकडी नळी. मी एक उचलली आणि फेकली. ती लांब पडली. दुसरी फेकली. ती सरांच्या हातातल्या पॅडवर आदळली. पॅड पाण्यात पडलं.

सर थांबले. पाचव्या लूमपाशी.

"वेड लागलंय का तुला?" हे मी त्यांच्या ओठांवरून वाचलं. ते पॅड उचलायला वाकले. पॅड तरंगत पुढे गेलं होतं, म्हणून त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं.

"डोन्ट मूव्ह!"

हा आवाज माझा होता. मराठी सुचलंच नाही. सरांचा दुसरा पाय उचललेला होता, तो त्यांनी तिथेच, मागे टेकवला. मी पुढे बोट दाखवत राहिले. "होल. सर, होल आहे. तुमच्या पुढे. छत्री."

त्यांना बहुधा एवढा शेवटचाच शब्द कळला. त्यांनी कोपरावरची छत्री काढली आणि पुढे टेकवली. फरशी लागली. अजून थोडी पुढे टेकवली. या वेळी ती टेकली नाही. ती मुठीपर्यंत आत गेली, आणि तोल जाऊन सरांनी चौथ्या लूमची चौकट धरली.

ते तसेच उभे राहिले. काळा चौकोन जिथे असायला हवा होता, बरोबर तिथे पॅड हळूहळू गोल फिरत होतं. त्यावरची शाई पसरत होती.

शेठ आणि इद्रिसभाई आले तेव्हा मी पाण्यात एक पाय ठेवून ओट्यावर बसले होते. इद्रिसभाई साठीचे, बारीक अंगाचे. त्यांनी आधी सरांकडे पाहिलं, मग तिसऱ्या लूमकडे.

"यहाँ का बांबू किसने निकाला?"

पंप चालू होता. दाराशी टेकवलेला बांबू त्यांना दिसला. त्यांनी तो उचलला, पाण्यात उतरले, पायाने चाचपत खड्ड्याची कड शोधली आणि बांबू पुन्हा बांधला. दोन गाठी मारल्या. मग सरांचा हात धरून त्यांना भिंतीकडून फिरवून बाहेर आणलं.

ती फरशीखालची पाण्याची टाकी होती. आठ फूट खोल, वर दोन फुटांचं तोंड. शेडमध्ये पाणी शिरलं की लूमवाले टाकीचं झाकण काढतात आणि पंपाचा पाईप तिच्यात सोडतात. सगळ्यात खोल जागा तीच, त्यामुळे पाणी तिकडे ओढलं जातं. या वेळी लाईट गेल्यामुळे पंप बंद पडला, पाईप काढून घेतला गेला. झाकण पाण्याखाली परत बसवता येत नाही, म्हणून खूण बांधली.

"लाल कपड़ा बँधा हो तो इस गली में बच्चा भी उधर पैर नहीं रखता," इद्रिसभाई म्हणाले.

"और कोई गिर जाए तो?" सरांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"अंदर जाने के बाद मुँह नहीं मिलता साहब. ऊपर सब छत है."

हे ऐकल्यावर मी पाण्यातला पाय वर घेतला.

सर माझ्याकडे वळले. "तुला दिसलं कसं?"

फिल्टरमुळे, एवढंच सांगितलं असतं तरी चाललं असतं. ते खरं होतं. त्याच्या आधीचं कोणी विचारत नव्हतं. शेठ जमिनीकडे बघत होते.

"मीच तो बांबू काढायला सांगितला होता," मी म्हटलं. "फोटोत येत होता म्हणून."

"काढला म्या," शेठ म्हणाले. "तिला काय म्हाईत? माजीच शेड हाय आन झाकन काढल्यालं मलाच म्हाईत न्हाय, चिंधीकडं ध्यानच गेलं न्हाय."

इद्रिसभाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बिटिया, पूछ लेना था," ते म्हणाले. रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

नंबर पुन्हा घ्यावे लागले. या वेळी इद्रिसभाई पुढे आणि सर मागे. उरलेले फोटो मी दुसऱ्या बाजूने, बांबू फ्रेममध्ये ठेवून काढले.

परतताना रिक्षात सर पँटचे दुमडलेले पाय खाली सोडत होते. मी मनात राजीनाम्याचं पत्र लिहीत होते, इंग्लिशमध्ये. एस.टी. स्टँड आल्यावर ते म्हणाले, "रिपोर्टमध्ये एक वाक्य घालावं लागेल. पाहणीच्या वेळी उघड्या टाकीची खूण काढली गेली, नंतर परत बांधली. तुझी सही लागेल."

"हो सर."

"माझीही. पाण्यात मी उतरलो. फोटो होऊ देत, असं तू सांगितलं होतंस." मग थोड्या वेळाने, "कांडी फार जोरात मारलीस."

फोटो मंजूर झाले. कंपनीने एकच शंका काढली : एकाच जागेचे दोन फोटो कशासाठी? एकात तळ दिसतो, दुसऱ्यात नुसतं छप्पर. सरांनी उत्तर पाठवलं की दुसऱ्यात सर्वेयरला जे दिसत होतं ते आहे. कल्याणच्या स्टुडिओवाल्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

त्यानंतर आणखी तीन पावसाळे मी त्या ऑफिसात काम केलं आहे. फिल्टर तोच आहे. पाण्याकडे साधारण तीस-पस्तीस अंश तिरकं पाहिलं की तो सगळ्यात चांगलं काम करतो, सरळ वरून पाहिलं तर जवळजवळ काहीच करत नाही, आणि पाणी गढूळ असेल तर कोणताच फिल्टर उपयोगाचा नाही. हे कोणत्याही पुस्तकात सापडेल. पुस्तकात नसलेली एक सवय मी लावून घेतली आहे. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिते, फोटो काढण्याआधी काय हलवलं, कोणाला विचारून हलवलं. बहुतेक फोटोंच्या मागे "काही नाही" असंच असतं.

सर म्हणतात यात वेळ जातो. मात्र पाण्यात उतरण्याआधी ओट्यावर थांबतात आणि विचारतात, "काय काय हलवलंस?" मी काही नाही म्हणते, आणि म्हटल्यावर पुन्हा एकदा सगळीकडे बघून घेते.